काटेसाहेबांची कानउघाडणी

लेकीने गाणं पाठवलं आणि काटेसाहेबांनी लगोलग 'छान!' असं उत्तर पाठवलं. घडलं ते एवढंच. यात गुन्हा कुठला, असं कोणीही भला माणूस विचारील. काटेसाहेबही पुढे कित्येक दिवस हेच विचारत होते, पण उत्तर द्यायला घरात कोणाला सवड नव्हती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायची, आणि तिकडून आई-बापांना खुशालीपेक्षा गाणीच जास्त पाठवायची.

"बाबा, ऐकलंस गाणं?"

"ऐकलं की! छान आहे."

"काय आवडलं त्यातलं?"

आता आली का पंचाईत! काटेसाहेबांनी आपलं एक सुरक्षित उत्तर दिलं. "आवाज. पोरीचा आवाज मोठा गोड आहे."

मग लेक म्हणाली, "बाबा, त्यात कोणी गातच नाही. नुसती वाद्यं आहेत."

ती चिडली असती तर काटेसाहेबांनी निभावून नेलं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते, नाहीतर त्याच्यावर उलट चिडता तरी येतं. पण ती हसली, "असू दे रे," म्हणाली आणि "आईला दे," म्हणाली. त्यानंतर तिची गाणी फक्त आईच्या फोनवर यायला लागली.

बायको दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचून आली की संध्याकाळी एका कानात वायर खुपसून इस्त्री करायची आणि मधूनच मान डोलवायची. त्या डोलण्याकडे काटेसाहेब पेपराच्या वरून बघत राहायचे. आपल्याच घरात, आपल्याच इस्त्रीच्या टेबलापाशी काहीतरी चाललंय आणि आपल्याला बोलावणं नाही, असं त्यांना वाटायचं.

"तुला आवडतात ही गाणी?" त्यांनी एकदा विचारलं.

"सगळी कुठली आवडायला? काही तर डोक्यात जातात."

"मग ऐकतेस कशाला?"

"ती तिकडे एकटी काय ऐकत बसते, ते कळतं," बायको म्हणाली आणि तिने कॉलर उलटी केली.

काटेसाहेबांना ते लागलं. तसं त्यांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते आणि दुकानादुकानांतून तराजूचा काटा नीट मधोमध येतो की नाही हे बघत हिंडायचे, म्हणून जग त्यांना काटेसाहेब म्हणायचं. खरं आडनाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. हेच काटेसाहेब एके काळी नवी कॅसेट आली की जेवतं ताट सोडून दुकानात धावायचे, आणि मित्रांना धरून धरून ऐकवायचे. ते वेड नेमकं केव्हा गेलं, हे त्यांना आठवेना. केस जातात तसंच ते गेलं असावं. रोज थोडं थोडं जात असतं, आणि मग एक दिवस न्हावी आरसा मागे धरतो.

त्यांनी निश्चय केला. एक नवं कोरं गाणं आपलं आपण शोधायचं, अथपासून इतिपर्यंत ऐकायचं, आणि लेकीला पाठवायचं. मग तिने खुशाल परीक्षा घ्यावी.

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. फोनमध्ये गाणी ढिगाने होती, पण प्रत्येक नवं गाणं सुरू झालं की काटेसाहेबांच्या मनात आपोआप तराजू उभा राहायचा. एका पारड्यात ते बिचारं नवं गाणं, दुसऱ्यात त्यांच्या तरुणपणाची सगळी गाणी, त्या गाण्यांच्या वेळची हवा, तेव्हाचे मित्र, तेव्हाचे केस. काटा हलायचासुद्धा नाही. अंगठा आपसूक पुढच्या गाण्याकडे जायचा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. इमारतीचे सचिवही तेच. जिन्याच्या भिंतीवर त्यांच्या सूचना इतक्या चिकटलेल्या असायच्या, की रंग द्यायची गरज पडत नसे. ते म्हणाले, "आमच्यानंतर संगीत झालंच नाही. जे झालं नाही ते ऐकणार कुठून?" न्हाव्याचं मत वेगळं पडलं. कात्री थांबवून तो म्हणाला, "साहेब, आधी जुनं बंद करा. पोट तुडुंब भरलेल्या माणसाला पक्वान्नसुद्धा पाप वाटतं. आठवडाभर कडक उपास."

काटेसाहेबांनी उपास धरला. पण बाहेरून बंद केलेली गाणी आतून वाजायला लागली. एका दुकानात वजनांवर शिक्के मारताना त्यांच्या डोक्यात एका जुन्या गाण्याचा दुसरा अंतरा इतका रंगात आला, की समेवर हातोडी उतरली ती थेट स्वतःच्या अंगठ्यावर. दुकानदाराने धावत जाऊन बर्फ आणला. आणि तो मनुष्य अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, आता अंगठा पुढच्या तपासणीपर्यंत प्रमाणित."

ही गोष्ट कार्यालयात त्यांच्या आधी पोचली. तेव्हा काटेसाहेबांनी ठरवलं, की हे काम येताजाता व्हायचं नाही, रजा काढली पाहिजे. जन्मभर लोकांची खोटी वजनं पकडलेला माणूस, अर्जात खोटं कसं लिहिणार? त्यांनी लिहिलं, 'कारण : नवीन गाणी ऐकणे.'

मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. अर्ज त्यांनी दोन बोटांत, ओल्या रुमालासारखा धरला होता.

"हे काय आहे?"

"खरं कारण आहे, सर."

"तीच तर अडचण आहे. अहो, रजेच्या कारणांचा एक शिष्टाचार असतो. कंबर असते, दाढ असते, चुलतसासरे असतात. तुमचं हे कशात बसवू मी?"

"पण मला काहीच झालेलं नाही."

"ऐकू येतं ना नीट? झालं तर! कानाला काहीतरी असेल. जरा शोधा. डॉक्टरचा दाखला आणा, मी डोळे मिटून सही करतो."

म्हणजे कानात दोष निघाला तरच कानांना रजा मिळणार होती. काटेसाहेब कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोक्यावरचा दिवा लावला, कानात डोकावले आणि खजिना दिसावा तसे खुलले.

"वा! वा! हा मळ म्हणू नका. हा ठेवा आहे. किती वर्षं सांभाळलात?"

काटेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस त्यांना धास्ती होती ती मनाची. कुठलीतरी खिडकी आतून कायमची बंद झाली की काय, हा विचार त्यांना अधूनमधून पेपर वाचतानाही गाठायचा. नुसता मळच असेल तर काय, काढला की झालं! त्यांनी आशेने विचारलं, "डॉक्टर, नवी गाणी आवडत नाहीत, ते यामुळेच होत असेल ना?"

"मळ फक्त जुनी गाणी तेवढी आत सोडतो, असं अजून तरी कुठल्या पुस्तकात आलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी थेंब दिले, कानांत कापसाचे बोळे भरले, आठवड्याने धुऊ म्हणाले आणि दाखला दिला.

रजा मंजूर झाली. उद्यापासून. ती आठवड्याने पुढे ढकलायची तर नवा अर्ज, नवं कारण आणि बहुधा नवा आजार लागला असता. त्यामुळे गाणी ऐकायची रजा काटेसाहेबांनी कानांत कापूस घालून सुरू केली.

त्यांनी एक स्पीकरही विकत आणला. फोनचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेला माणूस, असं दुकानदार म्हणाला होता. छोटा, गोल, राखाडी स्पीकर. मागच्या खोलीतल्या फळीवर त्यांनी तो ठेवला, समोर आरामखुर्ची ओढली. फोनवर स्पीकर शोधायला गेले तर एकाच नावाचे दोन दिसले. त्यांनी त्यातला वरचा निवडला. दोन सारख्या गोष्टींतली वरची निवडायची, हा मनुष्यस्वभाव आहे. फोनने 'जोडला' असं सांगितलं आणि काटेसाहेबांनी पहिलं गाणं सुरू केलं.

काही ऐकू आलं नाही. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. अगदी शेवटपर्यंत नेला. तेव्हा कुठे, फार दूरवरून, विहिरीच्या तळाशी कोणी वाजवत बसावं तसं काहीतरी जाणवायला लागलं. गंमत म्हणजे ते कानांत कमी आणि तळपायांत जास्त जाणवत होतं. हल्लीचं संगीत जमिनीतून येतं, अशी काटेसाहेबांनी नोंद घेतली.

मग ते दिवस मोठे विलक्षण गेले. बायको कामावर जायची, इमारत रिकामी व्हायची. मागच्या खोलीचा निळा पडदा वाऱ्याने फुगायचा आणि बसायचा. कापसामुळे घराचे सगळे आवाज कुठेतरी लांब जाऊन बसले होते. काटेसाहेब एखादं गाणं लावायचे, तळवे फरशीवर टेकवायचे, आणि डोळे मिटायचे. फरशी हळूहळू गुणगुणायला लागायची. ऐकतोय की झोपतोय यातली सीमा पडद्यासारखीच हलत राहायची. एकदा त्यांना दिसलं, की कार्यालयातली मखमली पेटी उघडी आहे आणि ते चिमट्याने पितळी वजन उचलताहेत. वजन चिमट्यातून सुटलं आणि पडण्याऐवजी सावकाश वर गेलं. मग दुसरं गेलं, तिसरं गेलं. किलोकिलोची वजनं छतापाशी फुग्यांसारखी एकमेकांवर हलकेच आपटत होती आणि त्यातून असा नाद येत होता, की खाली उभ्या मोठ्या साहेबांनी टोपी काढली. मोठे साहेब टोपी घालत नसत, पण स्वप्नात असल्या गोष्टींना हरकत घेता येत नाही.

जाग यायची तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं असायचं, आणि फोन एकामागून एक गाणी लावत कुठल्या कुठे गेलेला असायचा.

"कसं चाललंय?" बायको येऊन विचारायची.

"काय?"

"कसं चाललंय म्हटलं!"

"नको, चहा आत्ताच घेतला," काटेसाहेब म्हणायचे.

त्याच आठवड्यात इमारतीची तातडीची बैठक भरली. काटेसाहेब कापसासकट जाऊन बसले. पोस्टमास्तर उभे राहून हातवारे करून बोलत होते. ते रागावलेले दिसत होते, पण ते नेहमीच तसे दिसायचे. लोक अधूनमधून काटेसाहेबांकडे वळून बघत होते, तेव्हा ते सौजन्य म्हणून मान डोलवत होते. एकदा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या.

घरी आल्यावर बायकोने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. 'तुम्ही चौकशी समितीचे अध्यक्ष झालात.'

प्रकरण असं होतं. पोस्टमास्तरांची बायको, म्हणजे सगळ्या इमारतीच्या काकू, पाय घसरून पडल्या होत्या आणि खुब्याच्या हाडामुळे कित्येक आठवडे मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या मुलाने त्यांना बातम्या ऐकायला एक छोटा स्पीकर पाठवला होता. तो स्पीकर सध्या दुपारच्या वेळी आपला आपण जिवंत होऊन ठणाणा गाणी वाजवत होता. पोस्टमास्तरांनी तो झटकून पाहिला, उलटा ठेवून पाहिला, त्याला दरडावूनही पाहिलं. त्यांच्या मते हा घातपात होता. काटेसाहेब सरकारी निरीक्षक, यंत्रं तपासणारे, आणि बैठकीत पुन्हा पुन्हा मान डोलवून त्यांनी तयारीही दाखवली होती.

"मी जाईन," काटेसाहेब म्हणाले. खरं सांगायचं तर अंगठ्याच्या प्रकरणानंतर कोणीतरी त्यांना अध्यक्ष केलं, हे त्यांना बरं वाटलं होतं.

कान धुऊन झाले त्याच दिवशी ते चौकशीला निघाले. दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा जग नुकतंच उघडलेल्या पेटीसारखं वाटत होतं. स्वतःच्या चपलांचा आवाज त्यांना ऐकू आला, झाडाचा आला, एका बाईच्या किल्ल्यांचा आला. घरी येऊन नव्या कानांनी ऐकायचं म्हणून त्यांनी हौसेने गाणं लावलं. स्पीकर मुका! बोळे तर निघाले होते. तेवढ्यात खालून पोस्टमास्तरांची हाक आली, "काटेसाहेब, लवकर या! सुरू झालंय!" काटेसाहेबांनी फोन खिशात टाकला आणि ते जिना उतरले.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. अंगावर चादर, डोळे मिटलेले. डोक्यावरच्या फळीवर एक छोटा, गोल, राखाडी स्पीकर गात होता. दारात पोस्टमास्तर पुरावा पळून जाईल अशा पवित्र्यात उभे होते.

"हं," काटेसाहेब अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले. "केव्हापासून चालू आहे?" आणि वेळ बघायला म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. अंगठा कुठेतरी लागला. गाणं थांबलं.

त्यांनी घाबरून पुन्हा अंगठा लावला. गाणं सुरू झालं.

त्या क्षणी काटेसाहेबांना सगळं कळलं. तळपायातून येणारं संगीत कळलं, विहीर कळली, दोन नावांतलं वरचं नाव कळलं. जन्मभर लोकांच्या तराजूखाली चिकटवलेले लोखंडाचे तुकडे शोधणाऱ्या माणसाला आपल्याच पारड्याखाली हात गेल्यासारखं झालं.

"काका," ते म्हणाले, "ते... मीच आहे."

"काय तुम्ही आहात?"

"घातपात."

पोस्टमास्तरांना ते समजायला थोडा वेळ लागला. पण समजल्यावर त्यांनी कसूर ठेवली नाही. "चौकशी समितीचा अध्यक्षच आरोपी! अहो, इथे माणूस हाड मोडून पडलंय, आणि तुम्ही वरून रोज त्याच्या डोक्यावर गाणी ओतताय?" काटेसाहेब खाली मान घालून उभे राहिले. त्यांनी माफी मागितली, अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि फोनमधून तो स्पीकर काढून टाकला. काकू काहीतरी बोलायला गेल्या, पण पोस्टमास्तरांच्या आवाजाखाली ते राहून गेलं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तिने चेहरा सरळ ठेवला होता. मग ती पदरात तोंड लपवून हसली. "डॉक्टरांनी कान उघडले आणि पोस्टमास्तरांनी कानउघाडणी केली," ती म्हणाली. "एका दिवसात दोन्ही."

पण काटेसाहेबांना हसू आलं नाही. कारण खरी आफत पुढेच होती. आता त्यांचे कान स्वच्छ होते, स्पीकर त्यांचा स्वतःचा होता, रजाही उरली होती. त्यांनी गाणी लावली. प्रत्येक सूर स्पष्ट ऐकू आला. आणि काही म्हणजे काहीच झालं नाही. तीच पारडी, तोच हट्टी काटा. आता दोष द्यायला मळसुद्धा उरला नव्हता. त्या दुपारी ते पडद्याकडे बघत बसले, आणि त्यांच्या मनात आलं, की लेक हसली ते बरोबरच होतं. बंद दुकानासमोर कोणी रागावत नाही. माणूस दुसऱ्या दुकानात जातो.

काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी दारावर थाप पडली. पोस्टमास्तर उभे होते. हातात सूचना नव्हती, त्यामुळे ते जरा अपुरे दिसत होते.

"तुमचं ते," ते जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाले, "बंदच केलंत का?"

"बंद केलं, काका. पुन्हा नाही होणार."

"तसं नाही. ती विचारते. म्हणजे, रोजच विचारते. दुपार सरत नाही म्हणते." त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "छताकडे बघत पडून राहते हो. माझ्याशी बोलून बोलून कितीसं बोलणार?"

काटेसाहेब फोन घेऊन खाली गेले. काकूंनी त्यांना खुर्ची दाखवली.

"किती वाट बघायला लावायची माणसाने? ते जिन्यावरून कोणी भांडी घेऊन उतरतंय, तसं गाणं होतं ना, ते आधी लावा."

"भांडी?"

"हो. आणि मध्येच एक वाटी निसटते, घरंगळत जाते, आणि तो गाणारा ती जाऊ देतो. पकडतच नाही. मला फार आवडलं ते, पकडत नाही ते."

काटेसाहेबांना असलं काही आठवेना. आठवणार कुठून, ते तर झोपले होते. फोनमध्ये वाजलेल्या गाण्यांची नावं होती. एकेक लावून बघता बघता तिसऱ्या की चौथ्या गाण्याला काकूंनी हात वर केला. काटेसाहेब ऐकायला लागले. आधी त्यांना नुसता खडखडाट ऐकू आला. मग पायऱ्या दिसल्या. मग खरोखरच एक वाटी निसटली, घरंगळत गेली, आणि काटेसाहेब श्वास धरून ती कुठे थांबते ते बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं, की तराजू काढायचं राहूनच गेलं.

मग ते रोजच जायला लागले. रजा संपल्यावर कामावरून आले की संध्याकाळचे जायचे. काकूंना सगळंच आवडायचं असं नाही. "हे रडकं आहे, काढा," म्हणायच्या. "हा माणूस सर्दी झाल्यावर कशाला गातो?" म्हणायच्या. पण आवडलं तर त्याला नाव द्यायच्या. एक गाणं ओल्या चादरीचं होतं, एक होतं स्टेशनवर विसरलेल्या छत्रीचं. पोस्टमास्तर या सगळ्याच्या विरोधात होते. गाणी सुरू झाली की ते निषेध म्हणून शेजारच्या बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालायचे. पाणी फार झालं होतं आणि बहुतेक झाडं त्यानेच मरायला टेकली होती.

एका संध्याकाळी असंच एक गाणं लागून गेलं. खोलीत अर्धवट काळोख होता, कोणी दिवा लावला नव्हता. काकूंचा डोळा लागल्यासारखा झाला होता, काटेसाहेबांचाही. गाणं संपल्यावर दोघांनी एकदमच डोळे उघडले.

"हे काय होतं?" काकू म्हणाल्या.

"परत लावतो."

लावलं, ते हे नव्हतं. मागचं लावलं, तेही नव्हतं. त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. फोनमधली सगळी नावं संपली. ते गाणं कुठेच नव्हतं.

"असं होतं ना ते?" काकूंनी बारीक आवाजात गुणगुणून दाखवलं.

"छे छे! ते वर जात नाही. असं होतं." काटेसाहेबांनी आपली चाल म्हटली. किती वर्षांनी ते कोणासमोर गात होते कोण जाणे! आवाज चिरकला, पण काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"तुमचं दुसऱ्याच गाण्यात शिरतंय!"

"काकू, मी जागा होतो."

"घोरत होतात!"

एवढ्यात बाल्कनीतून पाण्याचा आवाज थांबला आणि काळोखातून एक जाडाभरडा, खर्जातला आवाज आला. आधी काकूंनी म्हटलेलं वर गेलं, मग काटेसाहेबांनी म्हटलेलं खाली उतरलं, आणि मध्ये कुठेतरी एक अशी गिरकी आली, की दोघांच्या अंगावर काटा उभा राहिला. हातात झारी घेऊन पोस्टमास्तर दारात आले.

"असं होतं," ते म्हणाले. "निदान नीट ऐकत तरी जा."

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. काटेसाहेबांनी लेकीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळं ठीक आहे. एक गाणं शोधून दे. नाव माहीत नाही. आम्ही म्हणतो, तू ओळख."

तिघांनी म्हटलं. काकूंचा सूर बारीक, पोस्टमास्तरांचा जाड, काटेसाहेबांचा या दोघांच्या मध्ये जिथे जागा मिळेल तिथे. दिवा कोणीच लावला नाही.

"ओळखलंस?"

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "पहिली ओळ मला कुठल्याशा गाण्याची वाटली. पुढची भलत्याच गाण्याची. आणि मधलं तर मी जन्मात ऐकलेलं नाही. असं गाणं नाहीये रे कुठे. तुम्हीच केलंय ते."

"कसं शक्य आहे?" पोस्टमास्तर ओरडले. "मी या कानांनी ऐकलंय!"

"मग पुन्हा म्हणा," लेक म्हणाली. तिचा आवाज जवळ आल्यासारखा वाटला. तिने बहुधा फोन कानाशी घट्ट धरला असावा. "थांबा, दार लावून घेते. हं, म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी काकूंनी बोटाने चादरीवर ताल धरला. ते गाणं संपतं कसं हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे शेवट जवळ आला की कोणीतरी एक जण घाबरून पुन्हा पहिल्यापासून धरायचा आणि बाकीचे दोघे त्याला सोबत करायचे. लेकही मग मध्येच त्यात शिरली. बायको दवाखान्यातून परत आली तेव्हा तिला जिन्यातच ते ऐकू आलं. ती चपला हातात घेऊन अर्ध्या जिन्यावर उभी राहिली, आणि बराच वेळ तिला वर जायचं सुचलं नाही.